तिकीट नका देऊ

साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर फार कमी बोलायचा. खालापुरात कुणी भेटायला आलं, की मागे उभा राहून त्या माणसाचं नाव साहेबांना हळूच सांगायचा. चौक गावच्या सभेत साहेबांनी तेच भाषण तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा लोक हसले. आम्ही कार्यकर्ते माना खाली घालून बसलो. ड्रायव्हर मंचावर गेला, “चला साहेब, गाडी लावलीय,” म्हणाला आणि त्यांना हाताला धरून खाली घेऊन आला.

उमेदवार ठरवायच्या बैठकीत तो दारातून आत आला. “साहेबांना तिकीट नका देऊ. त्यांना आता काय आठवत नाय,” एवढंच बोलला.

साहेबांच्या मुलाने त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. तिकीट साहेबांनाच मिळालं. प्रचाराला निघताना साहेबांनी जीपपाशी त्या काढलेल्या ड्रायव्हरलाच नावाने हाक मारली. आमच्यातलाच एक जण पुढे झाला आणि त्याने जीप सुरू केली.