भरल्या टँकरचा पाटा

दुष्काळाच्या त्या वर्षी मी दौंडहून शिरूरकडच्या गावांना टँकरनं पाणी पोचवायचो. रस्ते कसले, नुसते धोंडे. माझं डोकं आधीच तापट, त्यात उन्हाळा, त्यामुळे गाडी बैल हाणावा तशी हाणायचो. एका सकाळी शिरूरच्या अलीकडे चाक खड्ड्यात गेलं, कडाड आवाज झाला आणि गाडी एका अंगावर कलली. मागच्या चाकावरचा मेन पाटा तुटला होता. गाडीचं सगळं ओझं एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांवर असतं. त्यातला हा सगळ्यांत वरचा, दोन्ही टोकांना कान वळवलेला. तो गेला की गाडी फार लांब जात नाही.

पाणी ज्या गावाला चाललं होतं, तिथं माझी धाकटी बहीण दिली होती. नुकतीच बाळंत झालेली. विहीर आटून तळ उघडा पडला होता. आदल्या खेपेला तिनं विचारलं होतं, "दादा, पुन्ना कवा येशील?" मी आजचा दिवस सांगून बसलो होतो.

रखडत रखडत शिरूरच्या एसटी स्टँडापर्यंत आलो. पहिला फिटर म्हणाला, "टँकर मोकळा करा, मग उचलू." मोकळा करा म्हणे! त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढं नगर रस्त्याला पाट्यांचं काम करणारा एक म्हातारा होता. त्याच्याइतका बढाईखोर माणूस मी जन्मात पाहिला नाही आणि त्याच्या तोडीचा कारागीरही नाही.

"मामा, भरलेला उचलता येईल का?"

"मला इचारतो व्हय? पुण्यापासनं नगरापत्तुर इचार, पाटा कोन बनवतो म्हनून."

त्यानं लाकडी ठोकळे रचले, जॅक लावले आणि गाडी भरल्या पोटानं उचलली. नवा पाटा कुठंच मिळत नव्हता. भंगाराच्या ढिगातून त्यानं तेवढ्याच मापाचा, बाक जाऊन सपाट झालेला एक पाटा ओढला, हातोडीनं टणटण वाजवून कुठं चीर नाही ना ते ऐकलं आणि भट्टीत घातला. मला भात्याच्या चाकाला जुंपलं. दारात टँकर, आत आग, कोपऱ्यात पालथा घातलेला माठ.

पाटा लाल झाल्यावर त्यानं खालच्या पाट्याशी जुळवत ठोकून त्याला बाक दिला आणि पुन्हा आगीत सरकवला. तारेला बांधलेलं रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक तो मधूनमधून पाट्याला लावून बघायचा. ते चिकटायचं थांबलं तसा म्हणाला, "आता पिकला."

मी घाईघाईनं म्हणालो, "पाणी सोडू का टँकरचं? लवकर निवेल."

"येडा का खुळा? पान्यात घातला तर काचेवानी तडकंल. आन् पानी काय तुझ्या बाचं हाय?"

पाटा जळक्या तेलाच्या हौदात गेला. भडका उठला, धुरानं डोळे चुरचुरले. मला वाटलं, सुटलो. निवल्यावर बसवायला उचलला तर म्हाताऱ्यानं हातावर फटका मारला. "ह्यो निस्ता कडक झालाय. असा बसवलास तर घोडनदी बी वलांडायचा न्हाई." मग मंद आगीवर त्यानं तो पुन्हा तापवला, सावकाश, इकडून तिकडे सरकवत. वाळकी बाभळीची काटकी त्यावर घासून बघे. आधी काटकी नुसती खरडली, मग धुरली, शेवटी तिच्यातून बारीक ठिणग्या उडाल्या. तेव्हा कुठं त्यानं पाटा बाहेर काढून वाऱ्यावर ठेवला. मी चरफडत होतो, पण नजर हलत नव्हती. निवल्यावर तो दोन ठोकळ्यांवर मांडून म्हातारा स्वतः वर चढून नाचला. पाटा खाली दबे आणि त्याला वर फेके. खरं सांगतो, मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

पाटा बसवून निघालो तर हा आपणहून केबिनमध्ये चढला. "माझा पाटा कसा चालतो ते बघू दे की मला."

ओढ्याच्या कोरड्या पात्रात गाडी हेलकावली, पण पाटा दबून पुन्हा उभा राहिला. दिवस कलताना गावात पोचलो. बायकांनी हंडे लावले आणि म्हातारा गाडीखाली आडवा झाला. "डायवर, हिकडं ये." मीही त्याच्याशेजारी निजलो. वर हंडे भरत होते, ओझं उतरत होतं आणि आमच्या डोळ्यांदेखत पाटा हळूहळू आपल्या बाकावर येत होता.

बहिणीच्या घरचे हंडे भरले. ती तान्ह्याला कडेवर घेऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. म्हातारा एका दमात घटाघटा प्याला, छातीवर ओघळ आले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दिवसभर भट्टीपुढं उभ्या असलेल्या ह्या माणसानं दारातल्या टँकरचा एक घोटसुद्धा घेतला नव्हता.

"मामा, तिथंच मागायचं की पाणी!"

"तवा ते गावाचं व्हतं," तो म्हणाला आणि रिकामा तांब्या बहिणीपुढं धरला. "आता मी गावचा पावना हाय. घाल बाई आनखी."