भोंगा मुका होता तेव्हा

"सुधाकरभाई, सगळ्या बोटी गप झाल्यात. कालपासून एकीचाही मेसेज नाय."

फोन चिंतामणभाईंचा होता. झाईच्या अलीकडच्या एका किनारगावात मच्छीमार सोसायटी आहे, तिचे ते सेक्रेटरी. मी तळासरीत कॉम्प्युटरची कामं करतो. आधी बरीच वर्षं मुंबईत युनिक्स नावाच्या कॉम्प्युटर सिस्टिमवर घालवली.

"सगळ्या बोटी एकदम गप होत नसतात हो," मी वैतागून म्हणालो. "तुमचं मशीन गप झालंय."

तरी लगेच स्कूटर काढली. वारा सुटला होता, आणि बोटींवर माणसं होती.

ऑफिसच्या दारातच रेखा उभी होती. तिचा नवरा रमण 'सागरकन्या' बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या. त्याच्याआधी त्याचे वडील तांडेल होते. ते आदल्या दिवशीच गेले. पुतण्यानं अग्नी दिला. मुलगा समुद्रात, तिथं फोनला रेंज नाही. त्याला काहीच पत्ता नव्हता.

"भाई, त्याचं काय ते सांगा," रेखा म्हणाली. "मला दुसरं काय ऐकायचं नाय."

आता ही यंत्रणा सांगतो. प्रत्येक बोटीवर उपग्रहाशी जोडलेली एक डबी आहे. तांडेल सकाळ-संध्याकाळ तिचं बटण दाबतो आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेसेज येतो. तिथे दोन प्रोग्राम. एक मेसेज घेतो, दुसरा तो किनाऱ्यावरच्या खांबावर लावलेल्या भोंग्यावर बोलतो, 'सागरकन्या, ठीक आहे.' बोंबील वाळत घालणाऱ्या बायका काम न थांबवता ऐकतात आणि निर्धास्त होतात.

या दोघांच्या मधे असतो नेम्ड पाइप. एका साध्या कमांडनं तो बनतो. दिसायला फाइल, पण साठवण काही नाही. एका प्रोग्रामनं या टोकानं घालायचं, दुसऱ्यानं त्या टोकानं काढायचं. त्याची खोड एकच. पलीकडे वाचणारा नसेल, तर लिहिणारा थांबून राहतो. एरर नाही, कुरकुर नाही, नुसता वाट बघत बसतो.

मी चालू प्रोग्राम बघितले. मेसेज घेणारा होता, पण झोपलेला. बोलणारा नव्हताच.

"भोंग्याचा प्रोग्राम कुणी बंद केला?"

"मी," चिंतामणभाई म्हणाले. "गावात मयत झालं की तिसऱ्या दिवसाचे विधी होईपर्यंत भोंगा बोलत नाय."

"अहो, मग आवाज बंद करायचा! प्रोग्राम कशाला?"

"जुने तांडेल गेले, भाई. तोंड दाबून आतनं बडबड चालू ठेवायची? मान द्यायचा तर पुरता द्यायचा."

कपाळाला हात लावला मी. यंत्रणा बसवून देणाऱ्याला हा रिवाज कुठून ठाऊक असणार? त्यानं स्क्रीनवर बोटी दाखवायचं कामही पाइपमध्ये लिहून झाल्यावर ठेवलेलं. म्हणून मेसेज घेणारा प्रोग्राम पहिल्याच मेसेजला अडला, आणि बाकीचे त्याच्यामागे रांगेत. वडलांना मान दिला, त्यात मुलाची खबर अडकून बसली.

"दोन मिनिटं भोंगा चालू करतो," मी म्हणालो.

"नको," रेखाच म्हणाली. "बाबांचा तिसरा व्हायचाय."

जीव टांगणीला लागलेला, तरी नको म्हणते.

"बरं. मग वाचणारा दुसरा बसवू. मुका."

मी दुसरी विंडो उघडली आणि पाइपच्या त्या टोकाला 'कॅट' लावला. येईल ते स्क्रीनवर टाकायचं, एवढंच या कमांडचं काम. ओळी धडाधड उतरल्या. त्यात 'सागरकन्या, ठीक आहे', काल संध्याकाळची. मग पुन्हा तीच, आज सकाळची.

रेखानं त्या ओळीवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

"हे त्यानंच दाबलं ना?"

"त्यानंच."

ती रडली, हसली, मग एकदम थांबली. "भाई, इकडनं त्याला काय पाठवता येईल?"

"नाही गं. हे एकाच बाजूनं वाहतं."

"म्हणजे तो ठीक आहे, ठीक आहे करतोय, आणि त्याला बाबांचं..."

मला फार वाईट वाटलं. मशीन दुरुस्त झालं होतं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीबरोबर बोटी यायच्या होत्या. माझं काही काम नव्हतं, तरी गेलो. तिसरा अजून आटपायचा होता. एरवी बोट खाडीत शिरली की तांडेल बटण दाबतो आणि भोंगा तिचं नाव घेतो. त्या दिवशी सागरकन्या शिरली आणि कुणीच नाव घेतलं नाही. रमणनं लांबूनच खांबाकडे बघितलं. इंजिन मंद केलं. डोक्यावरची टोपी काढली.

तो चिखलातून चालत आला आणि रेखाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आपल्याच घरी?"

तिनं मान हलवली.

"बाबा?"

आता पलीकडे वाचणारा नसला तरी मेसेज घेणारा प्रोग्राम अडत नाही, स्क्रीनवर दाखवून पुढे जातो. तेवढं मी करून दिलं. पण नेम्ड पाइप एकाच बाजूचा. दोघांना बोलायचं तर दोन लागतात, आणि दुसऱ्यासाठी बोटींवरच्या डब्याच बदलाव्या लागतील. सोसायटीत गेलो की रेखा बोंबलांचे हात पुसत येते आणि विचारते, "भाई, इकडनं तिकडं कधी?"