शिवांजलीचा हूड

उंब्रजच्या कृष्णात हवालदाराची पोर विमानात नोकरीला लागली तेव्हा गावाला आधी हसूच आलं. "एवढं शिकून काय, तर वर जाऊन च्या वाटायचा!" असं पारावरच्या रिकामटेकड्यांनी म्हणून घेतलं. म्हणणाऱ्यांतल्या एकानंही विमान जवळून बघितलं नव्हतं, पण बोलायला काय जातंय? शिवांजली मात्र खमकी. "व्हय, च्या वाटते," म्हणायची, "आन् आग लागली तर तुमाला भाईर बी काढते."

वाटायचं काम तिला नवं नव्हतंच. हवालदाराच्या घरात पंगतीला शिस्त होती. आधी अण्णा, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला कृष्णात, मग भाऊ जयराज, मग आला-गेला, मग गडीमाणसं. उरलंसुरलं ते आईचं, साळूबाईचं आणि शिवांजलीचं. "समद्यांची पोटं भरल्याबिगर बाईनं घास तोंडात घालू नये," असं साळूबाई म्हणायची. तिला तिच्या आईनं हेच सांगितलेलं. पोरीनं कधी भुकेनं कळवळून भाकरीचा तुकडा मोडलाच, तर हातावर उलथन्याचा फटका बसायचा. जुलूम म्हणून नाही हो, वळण म्हणून! ते वळण इतकं पक्कं बसलं की पुढं कुणी तिला पहिल्या पंगतीला बसवलं तरी तिला घास उतरायचा नाही.

कंपनीनं नेमकं उलटं शिकवलं. विमानात धूर झाला की आधी आपल्या डोक्यावर हूड चढवायचा. हूड म्हणजे मानेपर्यंत येणारा टोप, त्याच्या आत स्वतःची हवा. तो घातला की मगच दुसऱ्याकडं बघायचं. जी बाई स्वतःच भोवळ येऊन पडली ती कुणाला वाचवणार? शिवांजलीनं हे पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि पहिली आली.

मग तो दिवस उजाडला. पुण्याहून दिल्लीला निघालेलं विमान, भर दुपार, जेवणाची गाडी निम्म्यात आलेली. मागच्या बाजूनं कुबट वास आला, ओले मोजे कोंडून ठेवल्यासारखा. सोबत स्वानंदी होती, सांगलीजवळच्या माधवनगरची, नोकरीत नवी. ती "ताई, कसला वास हा?" म्हणेपर्यंत छतालगत निळसर धूर तरंगायला लागला. घसा जळू लागला. इंजिनाचं तेल कुठंतरी गळून आतल्या हवेत मिसळत होतं. शिवांजलीनं फोनवरून कॅप्टनला कळवलं. "आम्ही ऑक्सिजन लावलाय. जवळच्या विमानतळावर उतरतोय, लोकांना सांभाळ," तो म्हणाला.

स्वानंदी तोवर भिंतीला धरून ओकत होती. शिवांजलीनं भिंतीतल्या कप्प्यातून हूड ओढून काढला, तिच्या डोक्यावर चढवला, पट्टा आवळला. "बस खाली. श्वास घे. घाबरू नको, मी हाय," एवढं बोलली आणि तशीच धुरात शिरली.

लोक सैरभैर झाले होते. "वरचे मास्क का पडत नाहीत?" एक गृहस्थ अंगावर धावून आला. त्या मास्कमध्ये आतलीच हवा मिसळते, धुरात त्याचा उपयोग नाही, हे त्याला अशा वेळी काय समजावणार? तिनं नॅपकिन भिजवून हातात कोंबले. तोंडावर धरा, डोकी खाली घाला, असं ओरडत ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली. एक म्हातारी तिचा हात सोडेना, तिच्यापाशी बसली. चाकं टेकली तेव्हा सगळे जिवंत होते. एकेकाला खाली उतरवलं, आणि शिडीच्या तोंडाशी शिवांजली धाडकन कोसळली.

झालं, गावाचं बोलणं एका रात्रीत बदललं. "माझ्या पोरीनं सोताचा मास्क काढून दुसरीला दिला," अशी हकीकत कृष्णात पारावर सांगू लागला. काल हसणारेच आज "वाघीण हाय, वाघीण!" म्हणायला लागले. वारा येईल तशी पाठ फिरवणारी माणसं, त्यांना काय?

पण त्या धुरापासून वाघिणीचे हात थरथरत होते. कपाळ ठणकायचं. बोलता बोलता साधा शब्द हरवायचा, मिठाला "ते पांढरं" म्हणायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं ठीक म्हणाले. ठीक! हातात कप धरवत नाही आणि म्हणे ठीक! तिला मात्र एकच ध्यास, परत उडायचं. त्यासाठी कंपनीची धुराच्या खोलीतली परीक्षा होती. खोलीत धूर सोडायचे आणि प्रत्येकीनं आपला हूड आपण चढवायचा.

जोडीला स्वानंदीच आली. धूर सुटला. स्वानंदीनं आपला हूड झटक्यात चढवला. शिवांजलीनं पेटी उघडली, पिशवी फाडली, पण बोटं काही केल्या पट्टा धरेनात. पुन्हा संधी दिली, पुन्हा तेच. मग स्वानंदीला राहवेना. पुढं होऊन तिनंच तो शिवांजलीच्या डोक्यावर चढवला आणि स्वतःच्या टोपात ढसाढसा रडायला लागली. शिक्षक भला माणूस, त्याचीही मान खाली गेली. "मॅडम, दुसऱ्यानं घालून चालत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला आता विमानात पाठवता येणार नाही. जमिनीवरचं काम बघू."

बॅग उचलून ती उंब्रजला आली. घरात सत्काराची धांदल. कृष्णात शाल कुठली आणायची ते ठरवत होता.

"अण्णा, सत्कार नको," शिवांजली म्हणाली. "मला नापास केलंय. मी परत उडणार न्हाई."

कृष्णातचा चेहरा उतरला, पण तो जुना फौजी. "नापास तर नापास," म्हणाला. "सोताचा मास्क दुसऱ्याला दिलास तू. ह्यो मान कोण काढून घेणार?"

ती उसळली. "दिला न्हाई मी! तिचा तिला घातला. माझा त्याच्या शेजारीच हुता, नवा कोरा. मी त्याला हातच लावला न्हाई, अण्णा. सुचलंच न्हाई मला."

 साळूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

"आगं, मग आदी सोताचा घालायचा की गं!" ती कळवळून ओरडली. "एवढं कंपनीनं शिकवलं न्हवतं व्हय?"

शिवांजलीनं थरथरणारे हात मांडीखाली दाबून धरले.

"शिकवलं हुतं की," ती म्हणाली. "पर तू त्यांच्या आदी शिकवलं हुतंस, आई."