पुस्तकांचा गणवेश

फाटकं पुस्तक दिसलं की शाळेच्या वाचनालयाच्या बाईंचे हात शिवशिवतात. मग खळ शिजते, दाभण बाहेर निघतं, पुठ्ठे कापले जातात आणि बाई घरदार विसरतात. नवऱ्यानं एकदा गॅसवरच्या पातेल्यातली खळ चाखूनसुद्धा पाहिली होती. "मीठ कमी पडलंय," एवढंच म्हणाला बिचारा. माणूस फार गरीब आहे हो. शिंपीकाम करतो, शाळेचे गणवेश त्याच्याकडेच शिवायला असतात.

तर मागच्या परीक्षा आटोपल्या आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आपल्या बाईंना बोलावून घेतलं.

"तुमची खोली छान आहे हं," त्या म्हणाल्या. मोठ्या बाईंनी एखाद्या वस्तूचं कौतुक केलं की ती आपल्या हातून गेली असं समजावं, हे शाळेत पहिलीतल्या पोराला पण ठाऊक आहे. "उजेड आहे, वारा आहे. बैठकांना बरी पडेल."

"आणि पुस्तकं?"

"कपाटं मावतील व्हरांड्यात. तुम्ही कार्यालयात दाखल्यांच्या खिडकीवर बसा. तिथं माणूस हवंच आहे." मग बाईंचा पडलेला चेहरा पाहून त्या थोड्या विरघळल्या. "बरं, पुढचं एक सत्र बघू. मधल्या सुट्टीत खोली मुलांनी भरलेली दिसली तर राहू दे तुमच्याकडे."

दाखल्यांची खिडकी! तिथं बसणाऱ्याला दिवसभर फक्त लोकांच्या हनुवट्या दिसतात. बाईंचं धाबं दणाणलं. मुलं येत होती, नाही असं नाही, पण खोली भरण्याइतकी कुठली? का येत नसावीत? बाईंनी कपाटं उघडून पाहिली आणि त्यांना कारण लख्ख दिसलं. अर्धीअधिक पुस्तकं लक्तरं झाली होती!

सगळी सुट्टी बाईंनी घरी पुस्तकं बांधली. नवऱ्याच्या दुकानात गणवेशाच्या राखाडी कापडाचे तुकडे ढिगानं पडलेले, तेच वरून चढवले.

"खिसे ठेवायचे का गं?" नवरा विचारायचा. "कॉलर?"

"तुम्ही तेवढी कात्री द्या."

शाळा उघडली तेव्हा कपाटांत सगळी पुस्तकं प्रार्थनेला उभी केल्यासारखी ताठ उभी. एकजात राखाडी, पाठीवर बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात नावं. बाई दाराशी अशा उभ्या राहिल्या की जणू मुलीचं लग्न आहे आणि पाहुणे यायचेत.

पाहुणे आले. इकडे फिरले, तिकडे फिरले, आणि हात न लावता निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी आले. आठवडा संपेस्तोवर खोलीत बाई आणि पंखा, दोघंच.

शेवटी रोज येणारी दोन वेण्यांची एक मुलगी दारातून डोकावली.

"बाई, ते पिवळं कुठंय? उंदरानं कोपरा खाल्लेलं?"

"असं काय विचारतेस? पुस्तकाचं नाव सांग."

"नाव कोण बघतं? त्यात विहिरीत भूत असतं. आणि ते चहा सांडलेलं?"

"चहा सांडलेलं कशाला हवं तुला? आता सगळी कशी स्वच्छ आहेत!"

"ते तर सगळ्यात भारी होतं, बाई. वाचताना कपाचं भानच राहत नाही, म्हणून सांडतो ना." मग तिनं राखाडी रांगांकडे बघत नाक मुरडलं. "कोरं पुस्तक आम्ही घेतच नाही. ते कुणालाच आवडलेलं नसतं."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. म्हणजे पोरं इतकी वर्षं डाग, सुटलेली पानं आणि कुरतडलेले कोपरे बघून पुस्तकं निवडत होती, आणि बाईंनी खळ लावून त्या सगळ्या खुणा स्वतःच्या हातानं बुजवल्या होत्या!

संध्याकाळी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं मशीन थांबवलं.

"उसवून देऊ?"

"चिकटवलंय ते! उसवताय काय!"

"मग खुणा नव्यानं करू देत पोरांना. कापडावर बसणारा रंग आहे माझ्याकडे."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं पुस्तकं बंबात घालायला सांगितली. पेन्सिलीच्या एका रेघेसाठी त्यांनी भल्याभल्या पोरांना रडवलं होतं! पण रात्री जेवताना पुढ्यात ताट आणि डोळ्यांपुढे हनुवट्या. सकाळी त्या मुकाट्यानं रंगाच्या बाटल्या पिशवीत घालून निघाल्या.

नियम एकच ठेवला. ज्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, त्यानंच त्यावर चित्र काढायचं. पहिला ब्रश कापडाला टेकला तेव्हा बाईंना बघवेना, त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. पण बातमी पसरली. शाळेच्या वस्तूवर रंग फासायला मिळतोय आणि वर कुणी ओरडत नाही, असं म्हटल्यावर कोण घरी बसेल? पोरं धडाधड वाचत सुटली. वाघ उमटले, आगबोटी उमटल्या. एका पुस्तकावर कुणी नुसतीच मोठी जांभई काढली. ते मात्र कुणी हातात धरेना.

आणि एका मधल्या सुट्टीत, ऐन गोंधळात, मोठ्या बाई दारात! सगळे ब्रश पटापट पाठीमागे गेले. त्यांनी पोरांवरून नजर फिरवली, मग समोरचं पुस्तक उचललं. विहिरीतलं भूत. चित्रकारानं त्याला जाड काळा चष्मा आणि उंच अंबाडा दिला होता. असा चष्मा आणि असा अंबाडा शाळेत एकीचाच. आपल्या बाईंना दाखल्यांची खिडकी उघडल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

"हे कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"भूत आहे, बाई," दोन वेण्यांची म्हणाली. "आधी सगळे घाबरतात. पण स्वभावानं चांगलं आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं.

"माझ्या नावावर लावा," त्या म्हणाल्या. जाता जाता दाराशी थांबल्या. "बैठकीचं प्रयोगशाळेत जमवू. तिथं वास येतो जरा, पण बैठका लवकर आटपतील."

खोली राहिली. भूत मात्र अजून परत आलेलं नाही. पोरं रोज विचारतात, "बाई, आलं का?" उशीर करणाऱ्या पोराला वर्गातून ओढून आणणाऱ्या आपल्या बाई हल्ली मुख्याध्यापिकांच्या दारापर्यंत जातात, घसा खाकरतात, आणि पाणी प्यायला आल्यासारखं करून परत फिरतात.