दिग्रस ते वॉर्सा: मानेच्या शिरा उघडायला गेलो त्याची गोष्ट

उपचारासाठी परदेशी निघालेल्यांनी आधी हे वाचा. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. डावा पाय त्याच्या मर्जीने चालतो. आमचे हे दिग्रसचे कापूस व्यापारी. गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस पाहिल्याशिवाय भाव बोलत नाहीत. त्याच माणसाने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, की मानेतल्या शिरा फुग्याने रुंद केल्या की पेशंट नाचतो, आणि तिकिटं काढली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, याला पुरावा नाही. "त्याइले काय समजते?" हे म्हणाले. मलाही डॉक्टरांचं ऐकायचं नव्हतं. मला माझ्या पायांनी गच्चीवर जायचं होतं.

यवतमाळपर्यंत कंबरेची परीक्षा, पुढे नागपूरपर्यंत रस्ता झकास. मग दिल्ली, मग वॉर्सा. विमानतळावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, रांग टळते. या आजाराचा तेवढाच फायदा. ठेचा हातातल्या पिशवीत नेऊ नका, आमची बरणी दिल्लीलाच गेली. तिकडे ट्रामला पायरीच नाही. आपली एसटी आठवून मला गहिवरून आलं. खर्च विचाराल, तर यवतमाळात एक प्लॉट होता.

दवाखाना चकाचक. पॅकेजमध्ये ऑपरेशन अर्ध्या दिवसाचं आणि शहरदर्शन पूर्ण दिवसाचं, तिथेच ओळखायला हवं होतं. जांघेतून नळी घातली, मानेत फुगा फुगवला. संध्याकाळी एरवी गार पडणारे पाय गरम लागले आणि मी रडले. हॉटेलच्या व्हरांड्यात भिंत न धरता चालले.

"फरक हाये," हे म्हणाले.

"हाये," मीही म्हटलं.

घरी आलो तर दारावर फ्लेक्स: 'यशस्वी उपचाराबद्दल हार्दिक अभिनंदन'. माझ्या दिराने तो आम्ही निघालो त्याच दिवशी छापायला दिला होता. शुभेच्छुकांचे चेहरे मोठे, माझा कोपऱ्यात. बँडही होता. "वहिनी, काठी गाडीतच राहू द्या, मी व्हिडिओ काढून राह्यलो," दीर म्हणाला. एवढ्या लोकांना खोटं कसं पाडायचं? दात आवळून दारापर्यंत चालले. व्हिडिओ जिल्हाभर फिरला. पाय महिनाभरात होता तिथे आला.

परवा राळेगावहून एक शेतकरी गृहस्थ आले. त्यांच्या मुलीला हाच आजार.

"ताई, तुमचा व्हिडिओ पाह्यला. वावर इकून टाकतो. पोरगी तुमच्यावाणी चालन ना?"

"चालन ना, काहून नाही?" दीर म्हणाला.

मी ह्यांच्याकडे काठी मागितली. ह्यांनी आणून दिली. मी दारापर्यंत गेले आणि परत आले, रोज जसा घासतो तसाच पाय घासत. बराच वेळ लागला. या वेळी कोणी मोबाईल काढला नाही. ते गृहस्थ माझ्या पायाकडे बघत राहिले आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"वावर इकू नका, भाऊ," हे हळूच म्हणाले. "म्या आत हात घालून पाह्यलंच नव्हतं."

आज फ्लेक्स उतरवला. गच्चीवर तूर वाळत घातलीय, ती झाकायला नेला. माझा फोटो तरी वर पोचला.