तोटी फिरेना

आधी स्पष्ट सांगतो — भूत, भास, संकेत असलं काही मानणारा माणूस मी नव्हे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवण्यात माझी हयात गेली. आता एकाहत्तर वर्षांचा आहे. पण गेल्या मंगळवारी जे घडलं ते लिहायला बसलोय... आणि ते लिहायचं तर आधी माझा गुन्हा लिहायला हवा.

बॅक्टेरियातलं प्लाझमिड, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळं, शुद्ध करायला आम्ही अफिनिटी कॉलम वापरतो. काचेच्या नळीत बारीक मणी भरलेले असतात. ते प्लाझमिड तेवढं धरून ठेवतात. एका बाटलीतल्या द्रावणानं बाकीची घाण धुवायची, मग दुसऱ्या बाटलीतल्या द्रावणानं प्लाझमिड सोडवून घ्यायचं. बाटली चुकली की सगळं प्लाझमिड घाणीबरोबर बेसिनमध्ये!

नोकरीत असताना माझी बाटली चुकली. लॅब असिस्टंट रशीदभाई शेजारीच उभे होते. "सर, बाटली बघा की," म्हणाले. मी त्यांनाच गप्प बसवलं. कित्येक महिन्यांचं काम वाहून गेल्यावर साहेबांना सांगितलं, बाटल्या रशीदनं उलटसुलट ठेवल्या होत्या. ते कंत्राटी... त्यांना पुन्हा बोलावलं गेलं नाही.

मंगळवारी अश्विनीनं — माझी जुनी विद्यार्थिनी, आता विभागप्रमुख — मला मदतीला बोलावलं. नमुना शेवटचा होता, कॉलम तोच जुना. सकाळचे अकरा. नमुना कॉलमवर चढवून झाला. मी बाटलीतलं द्रावण वर ओतलं, खालची तोटी फिरवायला गेलो — फिरेना. अर्ध्या तासापूर्वी मीच ती तपासली होती! अश्विनीनं जोर लावला, शिपायानं लावला. जाम.

तेवढ्यात नजर बाटलीकडे गेली... पुन्हा तीच चूक, धुण्याच्या जागी सोडवायचं द्रावण!

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अश्विनी, तेव्हाही बाटली मीच चुकलो होतो. रशीदभाईंवर ढकललं मी."

लॅबमध्ये सात-आठ जण होते. अश्विनीनं वरचं द्रावण पिपेटनं अलगद काढलं, धुण्याचं ओतलं, तोटीला बोट लावलं... आणि ती सहज फिरली! दुपारी तपासणीच्या जेलवर प्लाझमिडचा पट्टा स्वच्छ चमकला.

संध्याकाळी मी रशीदभाईंचं गाव, गडमुडशिंगी गाठलं. रशीदभाईंना अंगणातच सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "काचंची तोटी हाय सर, जाम हुतीया. व्हॅसलीन लावाय पायजे. तवाबी सांगत हुतो तुमास्नी."

त्यांच्या बायको, भाभी, चहा घेऊन दारात थबकल्या होत्या. "किती वाजता म्हणलासा?"

"अकरा."

"अकरालाच ह्यांची उजवी मूठ आवळली. मी वढली, ल्योकानं वढली, उघडंना. दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलवली, तवर आपसूक सुटली की."

रशीदभाई आपल्या तळहाताकडं बघत राहिले. "समद्यांम्होरं सांगितलासा न्हवं?"

"होय. उद्या लिहूनही देतो."

"द्या. नाव तेवढं पुरं घाला माझं."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला लिहून दिलं — रशीद इब्राहिम मुल्ला, निर्दोष. या सगळ्याचा अर्थ मला आजही लावता येत नाही. रशीदभाईंचं म्हणणं पडताळून घ्यावं म्हणून अश्विनीला तोटी सोडवून बघायला लावली.

व्हॅसलीन व्यवस्थित लावलेलं होतं.