नवमीची सवाष्ण

आईची नवमी बंद झाली हे मला दादाने फोनवर सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. पितृपक्ष नुकताच लागला होता. मी आपली सरळ मनाने विचारायला गेले, नवमीचे वडे मी करून आणू की वहिनी घरीच करणार आहे? तो म्हणाला, "अगं, आता नवमी नाही करायची. गुरुजींना विचारलं मी. बाबा गेले ना, आता आईचं त्यांच्या तिथीला, त्यांच्याबरोबरच."

पितृपक्षातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. अविधवा नवमी म्हणतात तिला. त्या दिवशी एखादी सवाष्ण बोलवायची, गेलेल्या बाईच्या जागी तिला पाटावर बसवायचं, जेवू घालायचं, साडी नेसवून ओटी भरायची. आमच्याकडे आई गेल्यापासून हे दर वर्षी होत होतं. बाबा गेले त्या वर्षीचा पितृपक्ष कोरा गेला, कारण वर्षश्राद्ध झाल्याशिवाय आमच्याकडे पक्षात काही करत नाहीत. त्यामुळे नवमी पुन्हा सुरू होईल असं मी धरूनच चालले होते. नवरा हयात असेपर्यंतच ही नवमी, तो गेला की संपली, हा नियम मला कुणी सांगितलाच नव्हता.

"पण आई बाबांच्या आधी गेली, हे काही बदललं नाही ना?" मी म्हटलं.

"वाद घालू नकोस. शास्त्र आहे ते."

"कुणी लिहिलं असेल ते कळतंच आहे."

"मला तरी कुठे बरं वाटतंय?" दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज असा थकलेला आला की मी पुढचं बोलणं गिळलं. फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसले. दोन मिनिटांत उठले. कपाट आवरायला काढलं, अर्ध्यावर सोडलं. आमचं घर बेंगळुरात के. आर. पुरमला, नवऱ्याचा कारखाना जवळ म्हणून तिथे, आणि दिवसभर मागच्या रुळांवरून जाणाऱ्या गाड्यांची मला एरवी सवय होती. त्या दिवशी प्रत्येक गाडीला मी खिडकीशी जाऊन उभी राहत होते, जसं काही कुणी येणारच आहे.

राग कशाचा येत होता ते आधी मलाच धड कळेना. कारण खरं सांगायचं तर ही नवमी मला कधीच आवडली नव्हती. आई गेली तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिने. पोटाच्या दुखण्याने झिजून झिजून गेली. आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, अहेव गेली, सोनं झालं तिचं. कसलं डोंबलाचं सोनं. मला त्या बायकांना हाताला धरून घराबाहेर काढावंसं वाटायचं. ही नवमी म्हणजे त्याच सोन्याचं दर वर्षीचं कौतुक, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वर्षातून एक दिवस घरात फक्त तिचं नाव असायचं. तिच्यासाठी स्वयंपाक, तिच्यासाठी साडी, तिच्या आवडीच्या रंगाच्या बांगड्या. आता तोही दिवस बाबांच्या पानाला जोडून टाकायचा. जिवंतपणी वेगळं असं तिच्या वाट्याला काही आलं नाही, आणि आता मेल्यावरही नाही.

नवऱ्याने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाला, "मग तू कर की इथे."

"माहेरचं श्राद्ध सासरच्या घरात?"

"श्राद्ध नको करू. बाईला जेवायला घाल. त्याला कोण अडवतंय?"

सोपं होतं. एवढं सोपं मला सुचलं नाही याचाही राग आला. सवाष्ण शोधायची गरजच नव्हती, ती ठरलेलीच होती. माहेरी आमच्या शेजारी राहणारी अक्का. तिच्या घराण्याला बेंगळुरात किती पिढ्या झाल्या ते तिलाही सांगता यायचं नाही. घरी बोलायची मराठीच, पण त्यात कानडी असं मुरलेलं की आम्ही लहानपणी तिच्या बोलण्याला हसायचो. आई पुण्याहून लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला ना भाजीवाल्याशी बोलता यायचं ना कामवालीशी. अक्काने तिला सगळं शिकवलं. मधल्या भिंतीवरून दोघींच्या वाट्या जायच्या यायच्या. आई गेल्यावर नवमीला बोलवायचं कुणाला, हा प्रश्नच पडला नाही. दर वर्षी अक्का यायची, आईच्या पाटावर बसायची, खाली मान घालून नीट जेवायची. बाबा दारात उभे असायचे. तिचं पान पूर्ण होईपर्यंत हलायचे नाहीत. आणि दर वर्षी विचारायचे, "खीर जमली होती ना?" अक्का म्हणायची, "छान झाली हो."

तेव्हा बेत असा ठरवला की अक्काला एवढ्या लांब बोलवायचं नाही. आपणच सगळं करून तिच्या घरी न्यायचं. दादाला कळवायचं नाही. नवमीला पहाटे उठले, न्हाले, वडे, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं केलं. तांदळाची खीर तर आधी केली, कारण आईची खीर म्हणजे खीरच. ती सणावाराला, वाढदिवसाला, पाहुण्यांना, सगळ्याला तीच करायची. डब्यात सगळं भरलं, पिशवीत साडी, खण, नारळ, बांगड्या घेतल्या आणि बसला उभी राहिले.

ती बस काही विचारू नका. इथल्या शिवाजीनगरपर्यंत मला बसायला मिळालं नाही. एका वळणावर डबा कलला आणि खिरीचा ओघळ माझ्या निऱ्यांवर आला. शेजारची बाई म्हणाली, "स्वल्प नोडी," म्हणजे जरा बघा. मी बघत होते हो, पण दोन हात, एक डबा, एक पिशवी आणि वरची दांडी, बघून करणार काय? पुढची बस बदलली तेव्हा मनात आलं, उतरावं आणि परत जावं. काय चाललंय आपलं? चोरासारखं डबे घेऊन कुणाच्या घरी निघालोय? पण पाय काही वळले नाहीत. मल्लेश्वरमला उतरले आणि माहेरच्या घराच्या समोरून जायला नको म्हणून मागच्या गल्लीने गेले. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी मान खाली घालून झपाझप पुढे गेले आणि अक्काचं मागचं दार वाजवलं.

अक्काने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या नारळाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

"बस," ती म्हणाली. "पाणी घे आधी. घामेजलीस किती."

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. दादाचा फोन, गुरुजी, नियम. "म्हणून मी इथेच आणलंय सगळं. तुम्ही फक्त जेवा. पाट कुठे आहे?" असं म्हणून मी डबा उघडायलाही लागले. वरचाच डबा खिरीचा. अक्काने झाकण माझ्या हातातून घेतलं आणि परत लावलं.

"हे मी खाणार नाही," ती म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हटलं, हिलाही शास्त्र आठवलं वाटतं. "का? आता चालत नाही म्हणून?"

"चालायचं काय त्यात. तुझ्या आईला खीर सोसायची नाही गं. दूध आटवलेलं पोटात गेलं की मळमळायचं तिला. आवडायची तुझ्या बाबांना. म्हणून करायची. स्वतःच्या पानात चमचाभर घ्यायची, आणि तेवढ्यानेसुद्धा दुपारी भिंतीपाशी येऊन मला म्हणायची, अक्का, ओवा आहे का?"

मी म्हटलं, "मग तुम्ही इतकी वर्षं…"

"ते दारात उभे असायचे ना. मला विचारायचे, खीर जमली का. मला कुठे विचारत होते ते? तिला विचारत होते. काय सांगू त्यांना? जन्मभर तिने सांगितलं नाही, मी कोण सांगणार? छान झाली म्हणायचे मी. आता ते गेले. आता मला खोटं बोलायचं नाही."

आतल्या खोलीत आरामखुर्चीत अक्काचे यजमान बसले होते. त्यांनी विचारलं, कसली खीर? अक्काने डबाच त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. "हे घ्या. तुम्हांला चालते." त्यांनी चमचा मागितला. मला हसू की रडू कळेना. पहाटेपासून माझा चाललेला आटापिटा त्या आरामखुर्चीत सुखाने संपत होता.

मग मात्र मी बसले. म्हटलं, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं तिला मळमळेल तेच वाढत होतो."

अक्का समोर बसली. पदराचं टोक गुंडाळत होती. "खिरीचं काही नाही गं. गिळली मी. मला त्या पाटावर बसायचं नव्हतं."

"का? तुम्ही तर कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं? मला नवमीचं बोलावणं यायचं. तू यायचीस, हातात बांगड्या भरायचीस, वेणी माळायचीस. पहिल्या वर्षी पानासमोर बसले आणि डोळे भरून आले, तर तुझी आत्या म्हणाली, सवाष्णीने डोळ्यांतून पाणी काढू नये, अशुभ असतं. सरी, बरं, म्हटलं, नाही काढत. त्यानंतर नाही काढलं. तुम्हां सगळ्यांची आई गेली, बायको गेली. तुम्ही रडलात. माझी मैत्रीण गेली तर मला तिच्याच जागी नवी साडी नेसवून बसवलंत. मी तिच्यासाठी कुठे रडायचं होतं?"

मी तिच्या मनगटात बांगड्या सरकवत होते ते हात मला आठवले, गोरे, जरा जाड, गप्प. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि पहाटेपासून पहिल्यांदा मला कशाचाही राग आला नाही.

अक्का उठली. पायांत चपला सरकवल्या. "चल," म्हणाली. "जेवायचंय ना मला तिच्या नावाने? मग चल."

दोन गल्ल्या पलीकडे कोपऱ्यावर एक हॉटेल होतं. पूर्वी तिथे बाकं होती, बसून खायचं. आता नवीन तऱ्हेने त्याची दर्शिनी केलेली, म्हणजे काउंटरवर पैसे द्यायचे आणि उंच टेबलांशी उभं राहून खायचं. अक्काने वाटेत सांगितलं की दर शुक्रवारी दुपारी, बाबा कारखान्यात आणि आम्ही शाळेत असताना, दोघी इथे यायच्या. घरी फुलं आणायला जाते म्हणून सांगायचं. फुलंही आणायच्याच, त्यामुळे खोटं काही नव्हतं. बाबांना बाहेरचं खाणं खपत नसे, हे मला माहीत होतं. आईलाही खपत नाही असं मी लहानपणापासून समजत आले होते.

"काय खायची ती?"

"रवा डोसा. कांदा जास्त घालून. भट्टाला, डोसे घालणाऱ्याला, ओरडून सांगायची, कानडीत. आधी माझ्यामागे लपायची, नंतर नंतर तिचाच आवाज मोठा."

पितृपक्ष, त्यात नवमी, आणि कांदा. मला हसू आलं. माझी आई, ओरडून, कानडीत. मी ती बाई कधी पाहिलीच नव्हती, आणि आता बघायला मिळणार नव्हती. मी काउंटरला गेले आणि दोन कांदा रवा डोसे सांगितले. कांदा जास्त, हे माझ्या मोडक्या कानडीत दोनदा सांगितलं.

दुपारची वेळ होती. ऑफिसातली माणसं गर्दी करून उभी होती. कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं. डोसे आले, कडेने काळपट, मध्ये जाळी पडलेले. अक्काने पदर खोचला, तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता थांबली. मला वाटलं, गरम लागलं. तिने दुसरा हात टेबलाच्या कडेला घट्ट धरला. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता. मग आवाज आला, मोठा, लहान पोरासारखा, आणि तो थांबेचना. इतक्या वर्षांत मी अक्काला रडताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे लोक कॉफीचे पेले हातात धरून आमच्याकडे बघायला लागले. काउंटरवरचा माणूस मान उंच करून बघत होता. कुणीतरी पाण्याचा पेला आणून ठेवला.

अक्काने पदराने तोंड पुसलं. "चूक झाली बाई," ती म्हणाली. "लोक बघतायत. जाऊ या आपण."

मी तिचा हात धरला आणि तिला तिथेच उभं केलं. "कुठे नाही जायचं," मी म्हटलं. "रड, अक्का. आज नवमी आहे."